पाणी न पिणारा कापूस

ज्या गल्लीत नळाला पाच दिवसांआड पाणी येतं, आणि तेही आधी खोकून, मग थुंकून, मग येतं, त्या गल्लीत एका दुपारी चौदा फुटी होडी येऊन उतरली. चार माणसांनी ती टेम्पोतून काढली, सरदार पिंजाऱ्याच्या ओट्यासमोर विटांवर ठेवली आणि घाम पुसत निघून गेली. उमरखेडानं बैलजोड्या पाहिल्या, ट्रॅक्टर पाहिले, एका वरातीत उंटसुद्धा पाहिला होता. होडी ही पहिलीच. शेजारच्या बायांनी कमरेवरचे हंडे खाली ठेवले.

"सरदारभाई, लय मोठं टाकं आणलं जी! आता पंधरा दिवसांचं भरून ठेवत जा."

"टाकं नाई, होडी आहे ते."

"मंग त्यात पाणी भरत नाई?"

"त्यात पाणी भरू नये म्हणूनच तर असते ते."

बायांना हे पटलं नाही. ज्या भांड्यात पाणी भरायचंच नाही, ते भांडं माणूस घेतो कशाला? हंडे उचलून त्या निघाल्या, पण जाताना प्रत्येकीनं होडीच्या पत्र्यावर टिचकी मारून आवाज ऐकला. मडकं घेताना ऐकतात तसा.

सरदार बासष्ट वर्षांचा. अंगानं बापाच्या पिंजणासारखाच: लांब, वाकलेला आणि कोणी जरा छेडलं की लगेच वाजणारा. बाप खांद्यावर ते पिंजण, कापूस पिंजायचं धनुष्य, टाकून गावोगाव हिंडायचा. वेशीवर तातीचा टंग-टंग आवाज आला की बाया जुन्या, गोळे झालेल्या गाद्या अंगणात काढून ठेवायच्या. सरदार दहाव्या वर्षी बापामागं निघाला, नाकातोंडात कापूस घेऊन मोठा झाला, पुढं कापूस पिंजायचं मशीन घेतलं आणि बाजाराच्या रस्त्यावर 'सरदार गादी घर' उघडलं. तालुक्यातले निम्मे संसार आपल्याच गादीवर सुरू झाले, असं तो छाती काढून सांगे. त्याची बायको रौशनबी आतून ओरडे, "लाज वाटत नाई का हो, गिऱ्हाइकासमोर!"

एवढ्या लोकांची झोप शिवणारा हा माणूस स्वतः मात्र चाळीस वर्षांत लागोपाठ दोन रात्री घराबाहेर झोपला नव्हता. उन्हाळ्यात लग्नसराई, हिवाळ्यात रजया, पावसाळ्यात कापसाला ओल लागू नये म्हणून पहारा. वर्षात चौथा ऋतू असता तर त्यातही त्यानं काही काम काढलं असतं.

मग फोम आला. आणि परका कोणी घेऊन आला नाही. सरदारच्या थोरल्या पोरानं, मोईननं आणला. मोठ्या रस्त्यावर त्यानं काचेचं दुकान टाकलं. तिथल्या गादीवर पंजा दाबला की ठसा उमटे आणि हळूहळू भरून येई.

"अब्बा, ही गादी माणसाचं अंग लक्षात ठेवते," मोईननं उद्घाटनाच्या दिवशी कौतुकानं सांगितलं.

"कोण झोपलं, कवा झोपलं, हे लक्षात ठेवते?" सरदार म्हणाला. "मंग ते गादी आहे का पोलीस?"

तो पुन्हा कधी त्या दुकानात गेला नाही. 'गादी घर' तीन वर्षांत रोडावलं. बापलेकात भांडण नव्हतं; दोघं एकाच घरात, एकाच दस्तरखानावर जेवत. फक्त मोईन फोमच्या गादीवर झोपे आणि सरदार त्या खोलीच्या दारातून आत पाय टाकत नसे.

होडी त्याच्याकडं आली तीही गादीमुळंच. पैनगंगेवरच्या धरणाच्या फुगवट्याला मच्छीमारांची एक सोसायटी आहे. तिच्या खोलीत रात्रपाळीच्या माणसांसाठी सरदारनं सहा गाद्या भरून दिल्या आणि बदल्यात कोपऱ्यात पालथी पडलेली जुनी पत्र्याची होडी मागितली. सोसायटीला वाटलं, म्हातारा भंगारात घालणार. सरदारनं ती फिरोज वेल्डरकडून ठिकठिकाणी डागून घेतली आणि जाहीर केलं की डिसेंबरात तो आणि रौशनबी फुगवट्याच्या पाण्यावर तीन दिवस आणि दोन रात्री फिरणार. कडेकडेनं वल्हवत जायचं, बेटावर मुक्काम करायचा, होडीत झोपायचं.

"कायले पण?" मोईननं विचारलं.

"लोकाईले चाळीस वर्षं झोपवलं. आता मले पाणी झोपवन."

या खुळाचं मूळ मोबाइलमध्ये होतं. त्यात एक गोरी म्हातारी आणि तिचा म्हातारा छोट्या बोटीतून महिना महिना फिरायचे आणि निघण्यापूर्वी सगळं सामान एकेक करून दाखवायचे. भाषा कळत नव्हती, पण सामान कळत होतं. सरदारनं चित्रं थांबवून थांबवून यादी केली आणि प्रत्येक वस्तूला उमरखेडात जोड शोधली. होडी जागेवर धरून ठेवायला त्यांच्याकडं आकडेदार लोखंड होतं. सरदारनं कापूस मोजायच्या जुन्या काट्याचं वीस किलोचं माप घेतलं आणि त्याला नायलॉनचा दोर बांधला. पाणी उपसायला त्यांच्याकडं छोटा पंप होता. इथं तुपाचा रिकामा डबा. संकटात वाजवायला त्यांचा भोंगा. इथं एका रिटायर कंडक्टरची शिट्टी, जिच्या एका फुंकेनं अजूनही बसस्टँडवरचे ड्रायव्हर दचकत. दूरवर खूण करायला आरसा, एक जादा वल्हं, पावसाची नाही तरी दवाची ताडपत्री, ट्रकची फुगवलेली ट्यूब, बॅटरी, पट्ट्या, मलम, जुलाबावरच्या साखर-मिठाच्या पाण्याची पाकिटं.

रौशनबीनं आधी आठ दिवस चेष्टा केली आणि नवव्या दिवशी यादी हातात घेतली. तिला एकच नियम ठाऊक होता: जे पाण्यावर न्यायचं ते आधी पाण्यात टाकून पाहायचं. अंगणातल्या कपडे धुवायच्या टपात तिनं एकेक डबा बुडवला. आगपेटीचा डबा गळला. औषधाचा डबा गळला. पिठाच्या डब्यानं तर टपातच कणीक भिजवून दिली. फक्त एक डबा तासभर तरंगला आणि आतून कोरडा निघाला: तिचा पानाचा डबा.

"याच्यात औषध ठेवू," सरदार म्हणाला.

"आन् पान कुठं ठेवू? तुमच्या डोस्क्यावर?"

शेवटी तसे अजून चार डबे आणले. संध्याकाळी विटांवरच्या होडीत सामान भरायची तालीम होई. जड खाली आणि मधे, हाताशी लागेल ते वर. सरदार गादीचा बोजा सायकलवर बांधतो तसा सगळा ऐवज आवळून बांधायचा आणि रौशनबी लगेच विचारायची, "आता बुडून राह्यलो आपण. शिट्टी काढा." शिट्टी तळाशी निघायची. पुन्हा सगळं सोडायचं. दोघं कोरड्या गल्लीत, होडीत बसून, रोज तीन-तीनदा बुडत होती आणि गल्ली ओट्यांवर बसून शेंगा खात पाहत होती.

एवढ्या सगळ्यात एकाच वस्तूची जोड मिळत नव्हती: अंगात घालायचं, बुडू न देणारं जॅकेट.

ती वस्तू टाळता येण्यासारखीही नव्हती, कारण सोसायटीचा घाट रूपसिंग सांभाळायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं सरळ सांगितलं, "चाचा, जॅकेटाशिवाय माह्या घाटावरून होडी सुटत नाई. आन् जॅकेट बी मी पाण्यात टाकून पाह्यतो. पाण्यात गेलेला माणूस आला नाई, त त्याच्या घरच्याईले तोंड मले दाखवा लागते. दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा नाई दाखवत."

मोईननं हे ऐकलं आणि त्याच आठवड्यात दोन झगझगीत नारिंगी जॅकेटं मागवली. सरदारनं ती हातात घेतली, दाबली, कडेची शिवण बोटानं उसवून आत पाहिलं आणि जॅकेटं ओट्यावर ठेवून दिली.

"फोम आहे."

"अब्बा, जॅकेटात फोमच असते."

"ज्यानं माहं दुकान बुडवलं, त्यानं मले तारावं? मी बुडन, पण असा तरणार नाई."

"मंग काय घालान?"

"मी पिंजारी आहे. कापसाचं शिवीन."

मोईन हसला. तिथंच त्याचं चुकलं. सरदार भर गल्लीत उभा राहून म्हणाला, "हसू नको. माह्या हातचं जॅकेट रूपसिंगच्या परीक्षेत नापास झालं, त हे होडी भंगारात. फिरोजच कापन. सगळे आयका रे!" गल्लीनं ऐकलं. शेंगा खाणारे हात क्षणभर थांबले.

बातमी सदाशिवरावांपर्यंत त्याच दिवशी गेली. सदाशिवराव म्हणजे जवळच्या खेड्यातले कापूसवाले आणि सरदारचे चाळीस वर्षांचे दोस्त. आपल्या शेतातल्या कापसाबद्दल ते असे बोलत, जसे लोक परदेशी गेलेल्या पोराबद्दल बोलतात. मोटारसायकलवर पोतं बांधून ते हजर झाले.

"पहिल्या वेच्याचा आहे, सरदारभाई. काडी नाई, कचरा नाई. या जिल्ह्याच्या कापसानं सगळ्या दुनियेले झाकलं, दोन माणसं तरंगवणं काय मोठं आहे?"

सरदारनं तो कापूस मशीनवर नाही, माळ्यावरून बापाचं पिंजण काढून, हातानं पिंजला. टंग-टंग आवाज वीस वर्षांनी गल्लीत घुमला आणि दोन म्हाताऱ्या खरोखर जुन्या गाद्या घेऊन आल्या. गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या जाड कापडाची त्यानं जॅकेटं बेतली, उभे कप्पे पाडले, रजईसारखे टाके घातले. घालून उभा राहिला तेव्हा एखादी गादीच पायांवर चालत बाहेर आल्यासारखी दिसली. पण शिवण अशी की बघत राहावं.

रूपसिंगनं घाटावर जॅकेटाला पाच किलोचा दगड बांधला, घड्याळ पाहिलं आणि ते पाण्यात सोडलं. अर्धा तास तरंगलं तर पास.

जॅकेट तरंगलं. पाच मिनिटं, सात मिनिटं, दहा मिनिटं. सदाशिवरावांनी मिशीला हात घातला. "हे पाहा आमचा कापूस!"

अकराव्या मिनिटाला जॅकेटानं एक लांब श्वास सोडल्यासारखा बुडबुडा सोडला. बाराव्या मिनिटाला ते, भर उन्हातून आलेल्या म्हशीसारखं, समाधानानं आणि सगळ्यांदेखत पाण्याखाली जाऊन बसलं. दुसऱ्या जॅकेटानं तेवढीही वाट पाहिली नाही.

"पाण्यातच दोष असन," सदाशिवराव पुटपुटले.

रूपसिंगनं काठीनं दोन्ही जॅकेटं वर ओढून दिली. आता त्यांचं वजन सरदारला एकट्याला उचलवेना. मोईन पुढं आला आणि त्यानं मुकाट्यानं एक टोक धरलं. तो हसला असता तर सरदारला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी होडीची तालीम झाली नाही. फिरोजला निरोप धाडायचा होता. सरदार नंतर, नंतर म्हणत ओट्यावर बसून राहिला. रौशनबी भाजी निवडत होती.

"माह्या बापाच्या घरात नाल्याचं पाणी शिरलं होतं, आठवते?" ती मधेच म्हणाली. "निकाहच्या पुढच्या साली. तुम्ही गेलते पाह्यले."

"आठवते. गाद्या गेल्या सगळ्या."

"गाद्या मेलेल्या ढोरासारख्या तळाले पडल्या होत्या. आन् उशा?"

सरदारनं मान वर केली.

"उशा बदकासारख्या घरभर फिरून राहिल्या होत्या," रौशनबी म्हणाली. "एक त दारातून बाहेर निघाली होती. अब्बानं पळत जाऊन धरली. काहून तरंगल्या त्या?"

सरदारनं कपाळावर हात मारला, आणि तो आवाज शेजारी ऐकू गेला. चाळीस वर्षं तो लेकुरवाळ्या बायांना सांगत आला होता: बाई, पोराची उशी सावरीच्या कापसाची घ्या; पोरगं मुतलं तरी हा कापूस पाणी पीत नाही, उन्हात टाकला की मोकळा. काटेसावरीच्या बोंडातला तो रेशमी, उडता, पिंजणाला न जुमानणारा कापूस. सूत त्याचं निघत नाही, गादीत तो बसत नाही, म्हणून पिंजारी त्याला हिशेबात धरत नाहीत. साऱ्या तालुक्याला ठाऊक असलेली गोष्ट फक्त पिंजाऱ्याच्या ध्यानात आली नव्हती, कारण त्याच्या डोळ्यांपुढं चमक पांढऱ्या सोन्याची, गादीच्या कापसाची होती.

"पण सावर फुटते उन्हाळ्यात," तो पुन्हा खचला. "आता डिसेंबरात कुठून आणू?"

रौशनबी उठली, आत गेली आणि दोन उशा घेऊन आली. तिच्या बापानं निकाहात दिलेल्या, सावरीनं भरलेल्या. रोज रात्री डोक्याखाली असणाऱ्या.

"या तुह्या बापाच्या..." सरदार अडखळला.

"फाडा. दुपारी एकदा त तुमच्या पोरापुढं मान खाली घातली तुम्ही. मले ते पाह्यचं नाई पुन्हा. आन् उशी कुठं जाऊन राह्यली? डोस्क्याखालची अंगावर येईन, बस."

दोन दिवस उन्हात, बारीक मलमलीखाली तो कापूस मोकळा केला, कारण उघडा ठेवला असता तर सगळा शेजारच्या महागावच्या दिशेनं उडाला असता. तीच पट्ट्यांची खोळ, तेच कप्पे. फक्त या वेळी सरदारनं कप्पे दाबून भरले नाहीत; त्या कापसाला हवा लागते. जॅकेटं हातात घेतली तर वाटावं, आत काहीच नाही.

दुसऱ्या परीक्षेला सगळे पुन्हा घाटावर; परीक्षा एकदाच, असं सरदार कुठं बोलला होता? सदाशिवराव मुद्दाम आले होते. सावरीबद्दल त्यांना आधीच आकस होता. "ते काय पीक आहे का? ना पेरा, ना वेचा." मोईन नारिंगी जॅकेट घालूनच उभा होता, कमरेला दोर, जणू त्यालाच समुद्रात जायचं होतं. रूपसिंगनं पाच किलोचा दगड उचलला.

"ठेव तो," रौशनबी म्हणाली.

"चाची, नियम आहे."

"तुह्या नियमात मी पाच किलोची आहे का? मी ऐंशीची आहे. दगडाले जायचं आहे का होडीत, का मले?"

आणि कोणी काही बोलायच्या आत तिनं पट्ट्यांचं जॅकेट चढवलं, बंद आवळले, पदर खोचला आणि 'या अल्ला, कित्ती गार' म्हणत पाण्यात उतरली. गुडघा, कंबर, छाती. मग पायाखालची जमीन सुटली.

मोईन ओरडला, "अम्मी!" रूपसिंगनं दोर सरसावला. चाळीस वर्षांत सरदारनं शिवलेल्या कुठल्याही गोष्टीवर कोणाचा जीव टांगलेला नव्हता; फार तर पाठ.

रौशनबी बुडाली नाही. ती वर आली, हनुवटीपर्यंत तरंगली, थोडी गोल फिरली आणि एखाद्या बैठकीत बसल्यासारखी पाण्यात स्थिर झाली. बारावं मिनिट आलं. बारावं मिनिट गेलं. वीस झाली. तीस झाली.

"पास," रूपसिंग म्हणाला. "या आता बाहेर, चाची."

"काहून? तुह्या घड्याळात अर्धा तास असन. संकट काय घड्याळ पाहून येते?" ती पाण्यातूनच म्हणाली. "अजी, ऐकून राह्यले ना? माह्या पानाचा डबा फेका इकडं."

सरदारनं डबा फेकला. तो टपात शिकला होता तसा डौलात तरंगत गेला. रौशनबीनं झाकण काढलं, कोरडं पान निवडलं, चुना लावला, सुपारी घातली, विडा गालात धरला आणि झाकण पुन्हा लावून डबा शेजारी सोडून दिला. पाऊण तास ती तशीच तरंगत, पान चघळत, कोणाच्या होडीत किती मासे आहेत याची चौकशी करत राहिली. जाळी टाकून परतणारे मच्छीमार वळसा घालून जात आणि सलाम करत. शेवटी ओठ निळे पडायला लागले तेव्हा ती आपल्या मर्जीनं बाहेर आली आणि भिजल्या जॅकेटासकट मोईनसमोर उभी राहिली.

"दाब," ती म्हणाली.

मोईननं दाबलं. पाणी निथळलं आणि कापूस पुन्हा फुगून जागेवर आला.

"याच्या बी लक्षात राहाते," रौशनबी म्हणाली. "कोणाच्या बापानं भरला ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी सुटली. वीस किलोचं माप मधे, पाण्याची कॅन त्याच्या शेजारी, शिट्टी रौशनबीच्या गळ्यात. रूपसिंगनं यादीवरून प्रत्येक वस्तू काठीनं ठोकून पाहिली आणि मग नारिंगी जॅकेटांकडं बोट केलं. "हे बी न्या. जादा असलेलं बरं. त्याशिवाय दोर सोडत नाई."

मोईननं ती दोन्ही हातांनी पुढं केली. सरदारनं लेकाच्या तोंडाकडं पाहिलं. काल 'अम्मी' म्हणून ओरडतानाचं तोंड अजून तसंच होतं. त्यानं जॅकेटं घेतली. घाटावर कुजबुज झाली. मग सरदारनं एक जॅकेट रौशनबीच्या फळीवर पसरलं, एक आपल्या फळीवर, आणि त्यावर ऐसपैस बसून वल्हं हातात घेतलं.

"अब्बा! ते अंगात घालाचे आहेत!"

"अंगात आहे माह्या. हा फोम बसायले बरा आहे, मोईन," सरदार पाणी मागं ढकलत म्हणाला. "मऊ लागते. तू गिऱ्हाइकाले सांगतं, ते खरंच आहे."

मोईनला हसावं की रडावं कळेना, म्हणून तो दोन्ही करू लागला. होडी घाटापासून सुटी झाली. मागून सदाशिवरावांचा आवाज पाण्यावरून बराच लांबवर येत राहिला: "आमचाबी तरंगला होता बरं का! बारा मिनिटं!"